वळचण कापलेलं बैठं घर

१९८२ साली कॅनडातल्या सॅस्कटून शहरात एका बैठ्या घराच्या छपराची वळचण चेनसॉनं, म्हणजे यांत्रिक करवतीनं, भिंतीलगत कापून काढली. घर मोडकळीला आलेलं नव्हतं. १९६८ साली बांधलेलं, म्हणजे जेमतेम १४ वर्षांचं. या कामामागे होते कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले इमारतशास्त्रज्ञ हॅरल्ड ऑर. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉब ड्युमाँट यांनी या घराची आधीची आणि नंतरची मोजमापं पुढे प्रसिद्ध केली. थंड प्रदेशातल्या घरबांधणीत हे काम आजही ‘चेनसॉ रेट्रोफिट’ या नावानं ओळखलं जातं. रेट्रोफिट म्हणजे बांधून झालेल्या घरात नंतर केलेली सुधारणा.

मोजमापं अशी. बाहेर उणे ३४ अंश सेल्सिअस असताना घर उबदार ठेवायला आधी १३.१ किलोवॅट उष्णता लागत होती, कामानंतर ५.४५ किलोवॅट पुरू लागली. ५० पास्कल दाबाच्या चाचणीत घरातली सगळी हवा गळतीमुळे आधी ताशी २.९५ वेळा बदलत होती, ते प्रमाण ०.२९ वर आलं. म्हणजे उष्णतेची गरज सुमारे ५८ टक्क्यांनी घटली आणि गळती ९० टक्क्यांनी.

घराचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, सुधारायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो किती इंच जाडीचं आणि कशाचं टाकायचं, हा. माझ्या मते तो प्रश्न दुसरा किंवा तिसरा असायला हवा. आधी विचारायचं ते हे, की घराचं हवाबंद कवच नेमकं कुठून कुठे जातं आणि कुठे तुटतं. हे मला या घराइतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याही घरानं शिकवलेलं नाही. करवत चालवली ती नेमकी त्या तुटलेल्या जागेवर.

थंडीचा हिशेब

सॅस्कटून ५२ अंश उत्तर अक्षांशावर, प्रेअरीच्या सपाट, गवताळ मुलखात, समुद्रापासून फार दूर आहे. जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली १५ अंशांच्या आसपास असतं. १८९३ च्या फेब्रुवारीत तिथे उणे ५० अंशांची नोंद झालेली आहे. अशा ठिकाणी घर तापवायला किती ताकदीची भट्टी हवी हे ठरवताना सरासरी दिवस धरून चालत नाही. कडाक्याची, पण दर हिवाळ्यात येऊ शकेल अशी एक रात्र धरावी लागते. वरच्या आकड्यांमधले उणे ३४ अंश म्हणजे तशी रात्र.

घरात २१ अंश ठेवायचे असतील तर त्या रात्री आतबाहेर ५५ अंशांचा फरक पडतो. १३.१ किलोवॅटला ५५ नं भागलं की २३८ वॅट येतात. म्हणजे बाहेरचा पारा एक अंश खाली गेला की या घरातून आणखी २३८ वॅट उष्णता निसटायची. कामानंतर हाच आकडा ९९ वॅटवर आला. हिशेब ढोबळ आहे, कारण माणसांची, दिव्यांची आणि उन्हाची उष्णता यात धरलेली नाही. पण घराची प्रकृती समजायला हा एक आकडा पुरतो. घर उबदार असणं म्हणजे त्याची भट्टी मोठी असणं नव्हे. दर अंशामागे ते किती गमावतं, त्यावर त्याची ऊब ठरते.

आधी काय काय घडलं होतं

१९७३ च्या तेलसंकटानंतर थंड देशांतल्या सरकारांनी घरांच्या उष्णतेकडे पहिल्यांदा गांभीर्यानं पाहिलं. कॅनडात १९७७ साली जुन्या घरांच्या इन्सुलेशनसाठी अनुदानाची राष्ट्रीय योजना आली. हेतू चांगला होता, पण घाईनं काय होतं ते लवकरच दिसलं. हजारो घरांच्या पोकळ भिंतींमध्ये भोकं पाडून युरिया-फॉर्माल्डिहाइडचा फेस भरला गेला. त्यातून निघणाऱ्या वायूच्या काळजीपोटी डिसेंबर १९८० मध्ये कॅनडानं या फेसावर बंदी घातली. तोवर सुमारे एक लाख घरांच्या भिंतींत तो जाऊन बसला होता. पोकळी दिसली की भरून टाकायची, या विचारानं झालेलं हे नुकसान आहे. भिंतीत काय भरतोय याच्याइतकंच ते तिथे कसं वागेल, ओलं झालं तर काय होईल, हे विचारायला हवं होतं.

त्याच सुमाराला, १९७७ मध्येच, सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायना शहरात एक वेगळं घर उभं राहिलं. प्रांतिक सरकारला सौरऊर्जेवर चालणारं घर हवं होतं. ऑर ज्या गटात होते त्यानं हिशेब मांडला तेव्हा कळलं, की ज्या महिन्यांत उष्णता सर्वात जास्त लागते त्याच महिन्यांत तिथलं ऊन सर्वात तोकडं असतं. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. उष्णता मिळवायची कशी, हे बाजूला ठेवून ती जाऊ द्यायची नाही कशी, हे आधी सोडवलं. सुमारे ३० सेंटीमीटर जाडीच्या भिंती, त्याहून जाड छप्पर, काळजीपूर्वक सांधलेलं प्लॅस्टिकचं कवच आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. घराला नेहमीची भट्टी बसवलीच नाही. पुढे जर्मनीत ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे अगदी थोड्या उष्णतेवर उबदार राहणारं घर, ही कल्पना घडवणाऱ्यांनी या घराचं ऋण मान्य केलं, आणि २०१५ साली ऑर यांना त्या चळवळीचा आद्यप्रवर्तक म्हणून पुरस्कारही मिळाला.

पण रिजायनाचं घर नवं होतं. कोऱ्या कागदावर कवचाची रेघ अखंड ओढता येते. सॅस्कटूनच्या बैठ्या घराचा प्रश्न त्याहून अवघड होता, कारण ज्या घरात रेघ आधीच शंभर ठिकाणी तुटली आहे तिथे ती जोडायची होती. जगातली बहुतेक घरं अशीच आहेत. म्हणून मला रिजायनापेक्षा सॅस्कटूनचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं.

फटी मोजणारा पंखा

हवेची गळती डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तिच्यावर बोलताना अंदाजच फार होतात. ती मोजायची रीत सोपी आहे. घराच्या बाहेरच्या दारात एक मोठा पंखा घट्ट बसवतात, बाकीची दारं-खिडक्या लावून घेतात आणि आतबाहेर ५० पास्कल दाबाचा फरक पडेपर्यंत पंखा फिरवतात. ताशी ३० किलोमीटरपेक्षा थोड्या जास्त वेगाचा वारा भिंतीवर साधारण एवढाच दाब टाकतो. तो फरक टिकवायला पंख्याला तासाला जितकी हवा ओढावी लागते, ती घराच्या घनफळाच्या किती पट आहे, हा चाचणीचा निकाल.

२.९५ म्हणजे त्या दाबाखाली घरातली सगळी हवा दर २० मिनिटांनी बदलत होती. ०.२९ म्हणजे तेवढ्यालाच जवळजवळ साडेतीन तास लागू लागले. तुलनेसाठी सांगतो, कॅनडाच्या आर-२००० या नव्या घरांच्या मानकात ही मर्यादा १.५ आहे आणि पॅसिव्ह हाउसमध्ये ०.६. १४ वर्षं जुनं घर पॅसिव्ह हाउसच्या मर्यादेच्याही निम्म्यावर आलं. मुळात २.९५ हा आकडाही वाईट नव्हता. याहून कितीतरी गळकी घरं सर्रास आढळतात. म्हणजे हे घर ‘हाताबाहेर गेलेलं’ म्हणून निवडलेलं उदाहरण नव्हतं, आणि म्हणूनच त्यातून मिळालेली बचत लक्षात घेण्यासारखी आहे.

चाचणीचा पंखा बंद केला तरी गळती थांबत नाही. थंडीत घर स्वतःच धुरांड्यासारखं वागतं. आतली गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि वरच्या फटींतून निसटते. तिची जागा घ्यायला तळघराच्या आणि जोत्याच्या फटींतून बर्फगार हवा आत ओढली जाते. आत २१ आणि बाहेर उणे ३४ असताना ५ मीटर उंचीत हा फरक सुमारे १३ पास्कलचा होतो. वारा अजिबात नसला तरी तो रात्रभर चालू राहतो. पायांना गारठा लागतो म्हणून माणसं खिडकीच्या फटींत कापड कोंबतात आणि खरी गळती डोक्यावर, पोटमाळ्याच्या दिशेनं चाललेली असते.

त्या गळतीबरोबर पाणीही जातं, आणि माझ्या दृष्टीनं हे उष्णतेपेक्षा गंभीर आहे. २१ अंशांची, ३० टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरमागे साडेपाच ग्रॅमच्या आसपास बाष्प वाहते. उणे ३४ अंशांना हवा घनमीटरमागे पाव ग्रॅमच्या आसपासच बाष्प धरू शकते. उरलेले पाच ग्रॅम वाटेत कुठेतरी टाकावेच लागतात. छताच्या फटींतून तासाला फक्त १० घनमीटर हवा पोटमाळ्यात जात असली आणि तिनं सगळं बाष्प तिथेच सोडलं, तर दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी छपराच्या फळ्यांवर दहिवरासारखं गोठत जातं. वसंतात ते एकदम वितळतं. घरमालकाला वाटतं छप्पर गळतंय, आणि तो कौलं बदलायला निघतो.

आतून की बाहेरून

जुन्या घराला इन्सुलेशन वाढवायचं तर दोनच बाजू आहेत. आतून करायचं तर बाहेरचं आवरण शाबूत राहतं आणि हवामानाची वाट पाहावी लागत नाही. पण खोल्या लहान होतात, विजेची बटणं, पाण्याचे नळ, खिडक्यांच्या कडा सगळं उचकटावं लागतं आणि घरात राहणाऱ्यांना बिऱ्हाड हलवावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन खोल्यांमधल्या आडव्या भिंती जिथे बाहेरच्या भिंतीला येऊन मिळतात, मजल्याच्या तुळया जिथे तिच्यात शिरतात, तिथे आतलं कवच तुटणारच. शिवाय जुनी भिंत आता पहिल्यापेक्षा थंड होते. आधी घराच्या उष्णतेनं ती वाळत असे, आता ती उष्णता तिच्यापर्यंत पोचत नाही.

सॅस्कटूनमध्ये बाहेरची बाजू निवडली. घराला बाहेरून प्लॅस्टिकच्या चादरीत गुंडाळायचं, त्यावर नवा लाकडी सांगाडा ठोकायचा, त्यात इन्सुलेशन भरायचं आणि वर नवं आवरण चढवायचं. आतल्या आडव्या भिंती, तुळया, तारा, नळ सगळं आपोआप कवचाच्या आत येतं. त्यांच्याभोवती एकही कोपरा सांधावा लागत नाही. जुना लाकडी सांगाडा उबेत राहतो आणि कोरडा राहतो.

इथेच वळचण आडवी येते. भिंतीवरून वर चढणारी चादर छपरावर अखंड न्यायची तर मध्ये वासे बाहेर डोकावत असतात. प्रत्येक वाशाभोवती प्लॅस्टिक कापायचं आणि चिकटवायचं म्हणजे दर दोन फुटांवर एक अशा डझनावारी फटी तयार करणं. त्या सांधणं कागदावर शक्य आहे. शिडीवर उभं राहून, हातमोजे घालून, लाकडाच्या खरबरीत कडांवर ते नीट जमत नाही. म्हणून वासे भिंतीच्या रेषेत कापून टाकले. आता घर एका साध्या खोक्यासारखं झालं आणि चादर भिंतीवरून छपरावर सरळ गेली. नवी वळचण नंतर, कवचाच्या बाहेरच्या बाजूला, वेगळी जोडता येते. ती छपराचं पाणी भिंतीपासून दूर टाकण्याचं काम तेवढंच करते, घराच्या कवचाला कुठे छेदत नाही.

या एका कापण्यामागचा विचार मला फार शहाणा वाटतो. वाईट सांधा नीट करण्यात दिवस घालवण्यापेक्षा तो सांधाच उरणार नाही अशी रचना केली.

छपरावरून चादर नेण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. नेहमीच्या घरात इन्सुलेशन पोटमाळ्याच्या जमिनीवर, म्हणजे खालच्या खोलीच्या छतावर अंथरलेलं असतं. ते छत म्हणजे चाळणी असते. दिव्यांची भोकं, वर जाणारे सांडपाण्याचे नळ, आडव्या भिंतींच्या डोक्यावरच्या फटी, धुरांड्याभोवतीची मोकळी जागा, पोटमाळ्याचं झाकण. कवच छपरावर नेलं की ही सगळी भोकं घराच्या आतली भोकं होतात आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायची गरज उरत नाही. मात्र मग पोटमाळ्याचे हवेशीरपणासाठी ठेवलेले झरोके बंद करावे लागतात. ते उघडे राहिले तर बाहेरचं सगळं इन्सुलेशन फुकट जातं, कारण थंड हवा त्याच्या खालून फिरत राहते.

प्लॅस्टिक नेमकं कुठे असावं

थंड प्रदेशात बाष्प अडवणारं प्लॅस्टिक भिंतीच्या उबदार बाजूला असावं, हा पाठ तिथला प्रत्येक सुतार शिकतो. इथे तर ते जुन्या भिंतीच्या बाहेर लावलं. मग आतलं बाष्प जुन्या भिंतीतून येऊन प्लॅस्टिकवर गोठणार नाही का?

उत्तर एका प्रमाणात आहे. प्लॅस्टिक संपूर्ण भिंतीच्या आतल्या टोकाला असलंच पाहिजे असं नाही. एकूण उष्णतारोधापैकी साधारण एक तृतीयांश त्याच्या आत आणि दोन तृतीयांश बाहेर असला तरी चालतं. हिशेब करून पाहू. बाहेर उणे १५ असताना आतबाहेर ३६ अंशांचा फरक असतो. त्याचा एक तृतीयांश, म्हणजे १२ अंश, प्लॅस्टिकच्या आतल्या भागात उतरतो. प्लॅस्टिक ९ अंशांवर राहतं. २१ अंशांच्या आणि ३० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, ३ अंशांच्या जरा खाली असतो, म्हणजे भरपूर अंतर उरतं. उणे ३४ च्या रात्री प्लॅस्टिक पावणेतीन अंशांपर्यंत उतरतं, दवबिंदूला जेमतेम टेकतं. अशा रात्री मोजक्याच असतात आणि जुन्या भिंतीतून तिथवर पोचणारं बाष्पही थोडंच असतं.

घरात आर्द्रता ५० टक्के ठेवली तर मात्र हे गणित कोसळतं. त्या हवेचा दवबिंदू १० अंशांच्या वर जातो आणि साध्या जानेवारीतल्या दिवशीही प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं. बाहेर पुरेसं इन्सुलेशन न घालता नुसती चादर गुंडाळली तरीही हेच होतं. सगळ्यात घातक मला तेच वाटतं, कारण पैसे कमी पडले की माणसं जाडी कमी करतात आणि चादर तशीच ठेवतात. हात आखडता घ्यायचाच असेल तर त्या प्लॅस्टिकऐवजी बाष्प जाऊ देणारा पण हवा अडवणारा पडदा वापरावा. हवेला अडवणं आणि बाष्पाला अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. फटीतून हवेबरोबर जाणारं पाणी हे भिंतीच्या अंगातून झिरपणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे हवेच्या बाबतीत सवलत नाही, बाष्पाच्या बाबतीत प्रसंग पाहून आहे.

९० टक्के आणि ५८ टक्के

गळती ९० टक्क्यांनी घटली तर उष्णतेची गरज ५८ टक्क्यांनीच का घटली, असं कुणीही विचारेल. कारण हवा हा निसटण्याचा एक मार्ग आहे. बाकीची उष्णता भिंत, छप्पर, काच आणि जमिनीतून अंगाअंगानं जाते.

इथे एक मनातलं उदाहरण घेतो, ते सॅस्कटूनच्या घराचं मोजमाप नव्हे. १०० चौरस मीटर भिंत आहे, तिचा उष्णतारोध मेट्रिक मापात २ आहे. ५५ अंशांच्या फरकाला तिच्यातून २,७५० वॅट जातात. इन्सुलेशन वाढवून रोध ७ केला की ७८६ वॅट जातात, म्हणजे जवळजवळ दोन किलोवॅट वाचले. उत्साहात आणखी दुप्पट जाडी केली, रोध १४ झाला, तर ३९३ वॅट. दुसऱ्या वेळच्या सगळ्या खर्चातून चारशे वॅटसुद्धा वाचले नाहीत. आणि त्याच घरात दुहेरी काचेच्या १२ चौरस मीटर खिडक्या असल्या, तर साध्या दुहेरी काचेतून त्याच रात्री १,८५० वॅट जात राहतात. भिंत सुधारल्यानंतर आठपट मोठ्या भिंतीपेक्षा खिडक्याच दुपटीहून जास्त उष्णता गमावतात.

ऑर पुढेही हेच सांगत आले, की आधी मोठे तुकडे उचला, आणि मोठे तुकडे म्हणजे हवेची गळती आणि उघडं तळघर. तळघराची गोष्ट माणसं विसरतात कारण ते जमिनीखाली असतं आणि माती ऊबदार वाटते. पण जोत्याचा जमिनीवर डोकावणारा काँक्रीटचा पट्टा बाहेरच्या गारठ्यात उघडाच असतो आणि काँक्रीट उष्णता अडवत नाही म्हटलं तरी चालेल. भिंतीला २० सेंटीमीटर इन्सुलेशन आणि त्याखाली हातभर उघडं काँक्रीट असं दृश्य मी पाहिलं की मला त्या घरात राहणाऱ्यांची कळकळ वाटते. त्यांनी पैसे दिले, त्रास सोसला, आणि कुणी त्यांना खालच्या पट्ट्याबद्दल सांगितलं नाही.

कवच घट्ट झाल्यावर

ताशी ०.२९ पर्यंत आलेलं घर स्वतःहून श्वास घेत नाही. हे काम करणाऱ्यानं हे वाक्य घरमालकाला पहिल्या भेटीत सांगायला हवं, शेवटच्या नव्हे.

ताजी हवा यंत्रानं आणावी लागते. सेकंदाला ३० लिटर हवा आत घ्यायची म्हटली तर उणे ३४ च्या रात्री ती तापवायला १,९५० वॅटच्या आसपास लागतात. ५.४५ किलोवॅटच्या घरात हा फार मोठा वाटा झाला. म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र लागतं. त्यानं ७० टक्के उष्णता परत मिळवली तर हाच खर्च ६०० वॅटच्या आत येतो. इतक्या थंडीत त्या यंत्राच्या गाभ्यात बाष्प गोठतं, म्हणून बर्फ वितळवण्याची सोय असलेलंच यंत्र घ्यावं लागतं. जाळ्या साफ करणं, बर्फाचा निचरा होणारी नळी तुंबू न देणं, हे घरात राहणाऱ्यांना जमलं पाहिजे आणि यंत्र त्यांच्या हाताला येईल अशा जागी असलं पाहिजे.

दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. घरातली हवा घेऊन जळणारी जुनी गॅसची भट्टी किंवा पाणी तापवायचं यंत्र गळक्या घरात चालून जातं, कारण त्याला फटींतून हवा मिळते. घर घट्ट केलं आणि स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लावला, तर धुरांड्यातून धूर वर जाण्याऐवजी उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. फटी बुजवण्याआधी अशी यंत्रं बदलावीत. ज्वलनाची हवा थेट बाहेरून घेणारी बंदिस्त यंत्रं किंवा विजेवर चालणारी यंत्रं बसवावीत. कार्बन मोनॉक्साइडचं सूचक यंत्र लावणं आवश्यक आहे, पण ते या बदलाच्या जागी चालत नाही.

भट्टीचा आकार हाही प्रश्न येतो. त्या काळच्या घरांत २० ते ३० किलोवॅटच्या भट्ट्या सर्रास असत. ५.४५ किलोवॅटच्या घरात तशी भट्टी दोन-चार मिनिटं पेटते, विझते, पुन्हा पेटते. आधी कवच, मग भट्टी, हा क्रम पाळला तर छोटी आणि स्वस्त भट्टी पुरते. क्रम उलटा झाला तर मोठ्या भट्टीचे पैसे वाया जातात, आणि घर सुधारल्यावर ती नीट चालतही नाही.

आज हे करावं का

सॅस्कटूनच्या घरासारखं काम पुढे फार थोड्या ठिकाणी झालं. कारण समजण्यासारखं आहे. सगळं आवरण, सगळी वळचण, छप्पर आणि खिडक्यांच्या कडा नव्यानं करायच्या म्हणजे मजुरी भरमसाट. केवळ इंधनाच्या बचतीतून ती भरून काढायची म्हटली तर फार वर्षं लागतात, आणि इंधन स्वस्त असलं तर हिशेब जुळतच नाही.

पण दर घराच्या आयुष्यात अशी वेळ येते जेव्हा छप्पर बदलायचंच असतं किंवा बाहेरचं आवरण कुजलेलं असतं. त्या वेळी पाडकाम, परांची आणि मजूर यांचा खर्च होणारच असतो. इन्सुलेशनचा जादा खर्च तेवढाच वेगळा धरला तर चित्र बदलतं. ती वेळ चुकली की पुढची संधी २५-३० वर्षांनी. म्हणून माझा आग्रह असा, की छपराचं काम काढण्याआधीच्या हिवाळ्यात पंख्याची चाचणी करून घ्यावी आणि ठेकेदाराबरोबरच्या बैठकीत कौलांच्या रंगाआधी वळचणीच्या सांध्यावर बोलणं व्हावं. नेदरलँड्समध्ये ‘एनर्जीस्प्राँग’ या उपक्रमानं कारखान्यात तयार केलेल्या भिंती जुन्या घरांवर बाहेरून चढवण्याची पद्धत उभी केली, आणि कॅनडातही त्याच धर्तीवर सरकारी संशोधन झालं. गुंडाळण्याची कल्पना तीच आहे, शिडीवरचे तास कारखान्यात गेले.

ज्याला एवढं शक्य नाही त्यानं पोटमाळ्यापासून सुरुवात करावी. कडाक्याच्या थंडीत सकाळी विजेरी घेऊन वर चढावं. छपराच्या फळ्यांवर किंवा खिळ्यांच्या टोकांवर दहिवर दिसलं, तर खालून हवा येते आहे हे नक्की. जुनं इन्सुलेशन बाजूला सारलं की काळपट पडलेले पट्टे दिसतात. त्यातून वर्षानुवर्षं हवा गाळली गेलेली असते आणि धूळ तिथे अडकलेली असते. भोक त्याच्या खालीच असतं. आधी ती भोकं बुजवावीत, मगच वर नवा थर अंथरावा. उलट केलं तर फटी कायमच्या झाकल्या जातात आणि पोटमाळा पूर्वीपेक्षा थंड झाल्यामुळे दहिवर वाढतं.

आणि बाहेरून गुंडाळायचं ठरलंच, तर पंख्याची दुसरी चाचणी काम संपल्यावर ठेवू नये. चादर अजून उघडी असताना, सांगाडा चढण्याआधी ठेवावी. पंखा चालू करून, हातात धुराची कांडी घेऊन खिडक्यांच्या कडांवरून आणि भिंत-छपराच्या कोपऱ्यावरून सावकाश फिरावं. धूर जिथे कलतो तिथे तेव्हाच, फट बुजवणाऱ्या सीलंटच्या नळीनं, पाच मिनिटांत काम होतं. आवरण चढल्यावर तीच फट शोधायला भिंत उघडावी लागते.